पडद्यावर वाघ आहे, गाव कुठं आहे?

साथींनो,

हल्ली आपल्या गावातही मोबाइलवर वाघाचे पिक्चर चालतात. रात्री जेवणं झाली की एका फोनभोवती पाच-सहा पोरं बसतात आणि वाघीण पिल्लांना शिकार कशी शिकवते ते बघतात. बघू द्या. वाघ देखणाच आहे. पण पुढच्या वेळी तुम्हीही त्यांच्याजवळ बसा आणि एक मोजणी करा. तासाभराच्या पिक्चरमध्ये माणूस किती वेळा दिसला? मोहफूल वेचणारी बाई, गुरांमागचा पोरगा, तेंदूपत्त्याचे पुडे बांधत बसलेलं घर, देवाला कोंबडं घेऊन निघालेले लोक? बहुतेक पिक्चरमध्ये यातलं कोणी सापडणार नाही. माणूस दिसलाच तर शेवटी-शेवटी दिसतो, हातात कुऱ्हाड घेतलेला नाहीतर फासा लावताना. मागून भारी आवाज सांगतो की जंगलाला धोका आहे.

हा पिक्चर बघून शहरातला माणूस पैसे साठवतो, सुट्टी काढतो आणि जंगल बघायला येतो. येताना पडद्यावरचं जंगल डोक्यात घेऊनच येतो. त्या जंगलात गाव नव्हतं. म्हणून इथं आल्यावर त्याला आपली गुरं खटकतात, चुलीचा धूर खटकतो, वाटेनं चाललेली सरपणाची मोळी खटकते. त्याला वाटतं, हे लोक इथं कुठून घुसले?

आमचं म्हणणं असं आहे की गाव आधी पिक्चरमधून निघतं, मग नकाशातून निघतं आणि शेवटी जागेवरून निघतं. शेवटचं काम फॉरेस्टवाले करतात, ते आपल्याला दिसतं आणि आपण त्याच्याशी भांडतो. पहिलं काम आपल्या पाठीमागं होतं. म्हणून या अंकात त्याबद्दल बोलायचं ठरवलं.

आफ्रिकेतली हकिगत

आफ्रिकेत टांझानिया नावाचा देश आहे. १९५९ साली तिथं इंग्रजांचं राज्य होतं आणि देशाला टांगानिका म्हणत. तिथं सेरेंगेटी नावाचं अफाट गवताचं रान आहे. हे नाव मासाई लोकांच्या भाषेतून आलेलं, अर्थ असा की न संपणारं माळरान. मासाई गुरं पाळतात. सिंह, झेब्रे, हरणांचे कळप आणि त्यांच्यातच मासाईंची गुरं, असं ते रान चालत आलं होतं.

इंग्रज सरकारनं तिथं राष्ट्रीय उद्यान केलं आणि मासाईंना सांगितलं, निघा. १९५८ मध्ये त्यांच्या काही वडीलधाऱ्यांकडून कागद करून घेतला आणि १९५९ मध्ये लोकांना शेजारच्या न्गोरोंगोरो भागात हलवलं. बदल्यात शब्द दिला की इथं तुम्ही राहा, इथं तुमचं हित आधी बघू.

त्याच वर्षी एक जर्मन माहितीपट आला. त्याच्या नावाचा अर्थ, 'सेरेंगेटी मरता कामा नये'. करणारे बापलेक होते, बर्नहार्ड ग्झिमेक आणि मिखाएल ग्झिमेक. बाप फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचा प्रमुख. दोघांनी विमानाला झेब्र्यासारखे पट्टे रंगवले आणि आकाशातून जनावरं मोजली. त्यातच पोरगा विमान पडून मेला. त्यांच्या मेहनतीवर आणि जनावरांवरच्या मायेवर शंका घ्यायचं कारण नाही. १९६० साली त्या पिक्चरला ऑस्कर मिळालं. पण ग्झिमेक यांचं मत ठाम होतं की राष्ट्रीय उद्यानात माणूस राहता कामा नये, तिथला मूळचा माणूससुद्धा नाही. मासाईंना हलवायचा निर्णय इंग्रजांचा होता. जगाला तो बरोबर वाटायला लावला अशा पिक्चरांनी.

पुढचं ऐका. जर्मन टीव्हीवर ग्झिमेक यांचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला. त्याचं नाव होतं 'प्राण्यांसाठी जागा'. त्यात त्यांनी एकदा सांगून टाकलं की पूर्व आफ्रिकेच्या सहली आता मिळतात. तेव्हा अशी सहल कोणी विकत नव्हतं. पण लोक ट्रॅव्हलवाल्यांच्या दारात उभे राहिले, तेव्हा ट्रॅव्हलवाल्यांना सहली काढाव्या लागल्या. हिशोब असा होता की पर्यटकांचा पैसा आला की सरकार उद्यान मोडणार नाही. हिशोब जमला. प्राण्यांना जागा मिळाली, पर्यटकाला जागा मिळाली. मासाईंची गेली.

आणि दिलेला शब्द? १९७४ मध्ये न्गोरोंगोरोच्या मधल्या खोऱ्यातून मासाईंना काढलं. १९७५ मध्ये त्या भागात शेती करायला बंदी घातली. जून २०२२ मध्ये शेजारच्या लोलिओंडो भागात हद्दीचे खांब रोवताना लोक आडवे आले, तर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. झटापटीत एक पोलीसही मेला. जखमी मासाई सीमा ओलांडून केनियात पळाले. न्गोरोंगोरोतल्या लोकांना आता शेकडो किलोमीटर लांब म्सोमेरा नावाच्या गावी पाठवणं चालू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो मासाई रस्त्यावर उतरले आणि पर्यटकांच्या गाड्यांची वाट अडवून बसले. म्हणजे पासष्ट वर्षं झाली तरी हकिगत संपलेली नाही. एकदा उठलात की पुढं उठवणार नाहीत, असं कोणी सांगत आलं तर ही हकिगत त्याला ऐकवा.

आपल्याकडचं

टांझानिया दूर आहे, पण ताडोबा जवळ आहे. ताडोबा हे नाव तारू या गोंडांच्या देवाचं. तारू हा पुढारी होता, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, असं म्हातारे सांगतात. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. नाव गोंडांच्या देवाचं राहिलं, आणि बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं आतून बाहेर आली.

आता कायदा कुणाला आत घेतो ते बघा. वन्यजीव कायदा १९७२ चा. त्याचं कलम २८ म्हणतं की अभयारण्यात जायला मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देऊ शकतो. कशासाठी? वन्यजीवांच्या अभ्यासासाठी, फोटो काढायला, संशोधनाला, पर्यटनाला. कलम २९ म्हणतं की आत-बाहेर राहणाऱ्या लोकांनी वनोपज घरच्या गरजेपुरतं घ्यावं, धंद्यासाठी नाही. म्हणजे शहरातल्या माणसानं आपल्या जंगलाचा फोटो काढून विकला तर तो कलावंत. आपण पायलीभर मोहफूल विकलं तर आपण गुन्हेगार. हे बदलायला २००६ चा वनहक्क कायदा आणावा लागला. त्या कायद्यात वनजमीन म्हणजे अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानसुद्धा आलं, आणि गौण वनोपज गोळा करून विकायचा हक्क आला. कागदावर आला. गेटवरच्या गार्डपर्यंत तो अजून पोचायचाय.

व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरला सरकारी भाषेत अस्पर्श क्षेत्र म्हणतात. अस्पर्श म्हणजे कोणी पाय ठेवायचा नाही, म्हणून गाव उठवा. पण २०१२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना उघडा. त्यात कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटकांना फिरू देता येतं. म्हणजे जिप्सीचं चाक लागलं तर जंगल अस्पर्शच राहतं आणि बाईचा अनवाणी पाय लागला की विटाळतं! हा विटाळ आपण ओळखतो. तो आपल्याला नवा नाही.

जून २०२४ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं सगळ्या राज्यांना पत्र धाडलं. देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमध्ये अजून ५९१ गावं आणि ६४,८०१ कुटुंबं आहेत, त्यांना हलवायचं वेळापत्रक द्या, असं त्यात म्हटलं होतं. ज्या जंगलात एवढी गावं आहेत, ते पडद्यावर रिकामं दिसतं कसं? कॅमेरा धरणाऱ्याच्या जेवणाचा तांदूळ याच गावांतल्या चुलीवर शिजतो. तरी गाव दिसत नाही.

२००८ साली बीबीसीनं मध्य प्रदेशातल्या पेंचमध्ये वाघांवर एक पिक्चर केला. आवाज डेव्हिड ॲटनबरो यांचा. ओंडक्यासारखे दिसणारे कॅमेरे हत्तींनी सोंडेत धरून वाघाजवळ नेले. जगभर लोकांनी तोंडात बोट घातलं. पण हत्तीला ते शिकवतो माहूत. वाघ कुठल्या ओढ्याला आहे ते सांगतो ज्याची हयात त्या ओढ्यावर गेली तो. वानर खेकसलं की वाघ दिसलाय की नुसता संशय आलाय, हे कळायला पिढ्या लागतात. ते ज्ञान आपल्या लोकांचं आहे. कुठलाही पिक्चर संपला की पडद्यावर नावं पळतात, त्यात आपल्या वाटाड्याचं नाव आहे का ते बघायची सवय लावून घ्या.

काही जण विचारतात

पहिला सवाल: पिक्चरमुळं पर्यटक येतात, पोरांना गाइडचं, ड्रायव्हरचं काम मिळतं. ते बंद करायचं का? नाही. ज्यांची चूल त्यावर चालते त्यांच्याशी आपलं भांडण नाही, ते आपलीच पोरं आहेत. पण हिशोब मागा. गावातल्या किती जणांच्या स्वतःच्या जिप्सी आहेत? गेटबाहेरच्या रिसॉर्टची जमीन आधी कुणाची होती? गेटवर जमणाऱ्या फीचा हिशोब ग्रामसभेत वाचला जातो का? कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात ताज हॉटेलवाल्यांचा रिसॉर्ट उभा राहत होता. तिथले आदिवासी कोर्टात गेले, आणि १९९७ मध्ये कर्नाटक हायकोर्टानं तो थांबवला. आदिवासींना जे जंगल बंद होतं ते हॉटेलला उघडं कसं, हा त्यांचा साधा सवाल होता.

दुसरा सवाल: अशा पिक्चरांमुळंच लोकांना वाघाची माया लागते, नाहीतर खाणवाले केव्हाच जंगल खाऊन बसले असते. यात तथ्य आहे. ताडोबाजवळच्या लोहारा कोळसा खाणीला विरोध झाला तेव्हा वाघावर जीव असलेली शहरातली माणसंही बोलली. ती माया आपल्याला हवीच आहे. पण खाण आली की पहिला आडवा कोण पडतो? गाव. गाव उठवलं तर उद्या खाणीपुढं उभं राहायला उरतो पर्यटक, आणि तो रविवारी संध्याकाळी घरी जातो.

तिसरा सवाल: आता आदिवासींवरही पिक्चर निघतात ना? निघतात. २०२३ साली ऑस्कर मिळालेल्या 'द एलिफंट व्हिस्परर्स'मध्ये तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलातलं आदिवासी जोडपं आहे, हत्तीच्या पिल्लाला पोटच्या पोरासारखं वाढवणारं. छान आहे, बघा. त्यानंतर तेप्पकाडूच्या त्या हत्तीकॅम्पात पर्यटकांची रीघ लागली. पण त्या जंगलावर त्या लोकांचा हक्क किती, हा सवाल पिक्चर विचारत नाही. हत्तीला जीव लावणारा आदिवासी चालतो, सातबारा मागणारा चालत नाही. आपल्याला दोन्ही दिसायला पाहिजेत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं उदाहरण घ्या. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटतात, आगी लावतात. हातचा पैसा सोडला आणि बांबूवर गाव चालवलं. कर्नाटकात बिळिगिरीरंगन डोंगरातल्या सोलिगा आदिवासींना २०११ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या आत सामूहिक हक्क मिळाले. माणसं आत राहिली, आणि तिथं वाघही नांदतो आहे. ही जंगलाचीच गोष्ट आहे. कॅमेरा इथं का वळत नाही?

ग्रामसभांनी काय करावं

रडून उपयोग नाही. वनहक्क कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि आपला सांस्कृतिक वारसा राखायचा अधिकार देतं. कलम ३(१) मध्ये जैवविविधतेबद्दलच्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क मान्य केलाय. वनखात्याचा परवाना असला की ग्रामसभेला विचारायचं नाही, असं कायद्यात कुठं लिहिलंय ते त्यांनी दाखवावं. येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्या:

१. आमच्या सामूहिक वनक्षेत्रात शूटिंग करायला येणाऱ्यानं आधी ग्रामसभेत यावं. काय काढणार, कुठं दाखवणार, किती पैसे मिळणार, हे आमच्या भाषेत सांगावं.

२. वाट दाखवणारा, जनावर ओळखून देणारा, स्वयंपाक करणारा, सगळ्यांना ठरलेली मजुरी द्यावी आणि पिक्चरमध्ये त्यांची नावं द्यावीत.

३. ज्या वाटांनी, ओढ्यांवर बायका जातात तिथं लपवलेले कॅमेरे लावू नयेत. देवाच्या ठाण्यावर ग्रामसभेच्या होकाराशिवाय शूटिंग नाही.

४. जंगल दाखवलं तर त्यातलं गाव नावानिशी दाखवावं. पिक्चर झाल्यावर पहिल्यांदा गावात पडदा लावून दाखवावा.

आणि गाव उठवायची भाषा घेऊन कोणी आलं, तर कलम ४(२) त्याच्यापुढं ठेवा. आधी सगळे वनहक्क दावे निकाली निघाले पाहिजेत. माणूस आणि जनावर एकत्र राहूच शकत नाहीत, हे सिद्ध झालं पाहिजे. ग्रामसभेची मोकळी, समजून दिलेली, लेखी संमती पाहिजे. नव्या जागी सगळ्या सोयी आधी तयार पाहिजेत. आणि रिकामी केलेली जागा पुढं दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरता येत नाही. हे शेवटचं वाक्य पाठ करून ठेवा. एखादा साहेब पंधरा लाखांचं पॅकेज सांगू लागला की त्याला विचारा: साहेब, आमच्या गावठाणावरून उद्या जिप्सी जाणार की नाही, तेवढं लिहून द्या.

ज्या गावांनी ठराव घेतला त्यांनी त्याची नक्कल संघटनेच्या कार्यालयात पोचवावी. पुढच्या अंकात गावांची नावं छापू. ज्यांना ठरावाचा कच्चा मसुदा हवा असेल त्यांनी बाजाराच्या दिवशी कार्यकर्त्याला भेटावं.

जंगल आमचं आहे, वाघही आमचाच शेजारी आहे.

ग्रामसभा जिंदाबाद!