चारशे दोन मीटरचं मैदान

माझ्या गॅरेजमधल्या फळीवर एक जळालेला पिस्टन ठेवलाय. यामाहा आरएक्स १००चा, ५० मिलिमीटर व्यासाचा. जिकडून धूर बाहेर पडतो त्या बाजूला वरपासून खालपर्यंत ओरखडे आहेत आणि वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमनं रिंग खाचेतच चिकटून बसलीय. ‘मामा, सायलेन्सरचं काहीतरी करा, फटाके वाजले पाहिजेत,’ म्हणत पोरं येतात, तेव्हा आधी हा पिस्टन मी त्यांच्या हातात देतो.

कोल्हापुरात उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीजवळ तीस वर्षं मी टू-स्ट्रोक गाड्यांची कामं करतोय. फटाका सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात, पेपरात फोटो येतात. ती कारवाई बरोबरच आहे. दवाखान्यापुढून असली गाडी नेणाऱ्याची गय करूच नये. पण सायलेन्सर चिरडला म्हणून पोराच्या अंगातली रग जात नाही. आठ दिवसांनी तो पुन्हा बायपासवर दिसतो. या रगेला जागा द्या, असं माझं म्हणणं आहे. महिन्यातला एक रविवार, दोन्ही बाजूंनी बंद केलेली सरळ पट्टी. पळायला ४०२ मीटर आणि थांबायला त्याहून जास्त.

४०२ मीटर म्हणजे पाव मैल. ड्रॅग रेसचं रूढ अंतर हेच. ना वळण, ना घाट. उभ्या गाडीवरून सुटायचं आणि सरळ रेघ ओलांडायची. लोकांना वाटतं, यात काय, मूठ पिळली की झालं. खरं काम त्याआधी महिनाभर गॅरेजमध्ये चालतं. पुढच्या १४ दातांच्या स्प्रॉकेटच्या जागी १३ दातांचा घातला, की ओढ साधारण साडेसात टक्के वाढते आणि त्याच आरपीएमला वेग सात टक्के घटतो. रेघ ओलांडताना इंजिन टॉप गिअरमध्ये ऐन ताकदीत असलं पाहिजे. आधीच दमलं तर दात चुकले. सुटताना पुढचं चाक उचलू नये म्हणून पुढचा भाग खाली घ्यायचा. पहिल्या ६० फुटांत गमावलेला वेळ पुढं कितीही पिळलं तरी भरून निघत नाही, म्हणून क्लच कुठं धरतो ते बोटांना पाठ पाहिजे. सायलेन्सरचं पोट कुठं फुगतं आणि कुठं निमुळतं होतं, यावर धुराची लाट परत फिरून ताजं पेट्रोल सिलिंडरमध्ये ढकलणार की नाही ते ठरतं. ते पोट फोडून आवाज काढणारा गाडीची ताकद स्वतःच्या हातानं घालवतो.

आणि सगळ्यात नाजूक काम जेटचं, म्हणजे कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल जायचं ते ठरवणाऱ्या छिद्राचं. एका कारखान्याच्या आवारात, मालकाच्या परवानगीनं आम्ही गाडी पळवून बघायचो. पूर्ण मूठ पिळलेली असतानाच इंजिन बंद करायचं, क्लच ओढायचा आणि प्लग काढून बघायचा. चिनी मातीचा रंग भाजलेल्या बिस्किटासारखा आला तर पेट्रोल बरोबर. काजळी धरली तर जास्त. पांढरा पडला तर कमी, आणि पेट्रोलमध्येच तेल मिसळून पळवलेल्या टू-स्ट्रोकला पेट्रोल कमी पडणं म्हणजे तेलही कमी पडणं.

हे सगळं मला येत होतं, तरी चुकलो. काही वर्षांपूर्वी भाच्याला घेऊन चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला गेलो. नऊशेच्या वर किलोमीटर, टेम्पोत गाडी बांधून. राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा जिथं झाल्या, बंगळुरूच्या हेमंत मुद्दप्पानं विजेतेपदं मिळवली, तोच हा ट्रॅक. जेट मी कोल्हापुरात भर दुपारी बसवलेलं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यात उन्हानं तापलेली विरळ हवा. तिकडं जवळपास समुद्रसपाटीवरची सकाळ, गार आणि दाट. दाट हवेला पेट्रोल जास्त लागतं. घाईत मी जेट बदललं नाही, प्लगही बघितला नाही. तिसऱ्या गिअरला आवाज एकदम चढला, कोरडा झाला आणि मागचं चाक अडकलं.

भाच्याची दोन बोटं क्लचवर होती. त्यानं क्लच ओढला, गाडी जराशी हलली आणि सरळ घरंगळत थांबली. समोरून कोणी येत नव्हतं, मागं ट्रक नव्हता. हेल्मेट आणि चामडी सूट तपासल्याशिवाय त्याला आत सोडलंच नव्हतं. रुग्णवाहिका उभी होती, तिची गरज पडली नाही. माझ्या चुकीची किंमत एक पिस्टन आणि बोअरचं काम. हीच चूक बायपासवर झाली असती तर बहिणीला काय सांगितलं असतं, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९नं तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा हवाच. पण कोल्हापूरकरांना याची दुसरी बाजू समजावून सांगायला नको. रस्त्यावर दोघं भिडले तर ती मारामारी. मैदानात, पंचासमोर, वस्तादाच्या नजरेखाली भिडले तर कुस्ती. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान बांधलं आणि कोल्हापूरची रग मातीत उतरली. त्याच कोल्हापूरच्या उद्यमनगरात आज लेथवर केसाएवढं माप धरणारे हात आहेत. मोटरस्पोर्ट फेडरेशनचे नियम आहेत, गाड्या तपासायच्या पद्धती आहेत. उणीव आहे ती जागेची.

पट्टी दिली तर पोरं जास्त चेकाळतील, असं काही जण म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. गेल्या पावसाळ्यात फटाक्यांसाठी आलेला एक पोरगा पिस्टन हातात घेऊन तासभर बसला. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला. आता त्या वहीत तारीख, तापमान, जेटचा नंबर, स्प्रॉकेटचे दात, प्लगचा रंग असे रकाने आहेत. आरएक्सला मूळचा सायलेन्सर त्यानं स्वतः बसवला. मोजायला लागलेल्या पोराला आवाजाचं आकर्षण उरत नाही.

शेवटचा रकाना ४०२ मीटरच्या वेळेचा. तो अजून कोरा आहे. परवा वही मिटत त्यानं विचारलं, ‘मामा, आता पळवून कुठं बघायची?’ त्याला याचं उत्तर बायपासवर शोधावं लागू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं.