मंदिर कोणी फिरवले?

प्रति,
अध्यक्ष डॅलिन ओक्स,
द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स,
सॉल्ट लेक सिटी, युटा, अमेरिका.



मी हिंगोली जिल्ह्यातला एक वारकरी. ख्रिस्ती नाही, व्हायचा विचारही नाही. तरी शेजारधर्म म्हणून लिहितो आहे, कारण भारतातला आपल्या चर्चचा पहिला ‘स्टेक’ (स्थानिक मंडळ्यांचा विभाग) २०१२ साली हैदराबादला स्थापन झाला आणि आमचा मुलूख १९५६पर्यंत हैदराबादच्याच कारभारात होता.

आपल्या पंथावरची टीका मराठी मातीला नवी नाही. १८५२ साली आपला स्कॉटिश प्रचारक ह्यू फिंडले मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला गेला. तिथल्या लष्करी साहेबांनी त्याला छावणीत मज्जाव केला. मॉर्मनांवर, म्हणजे आपल्या पंथावर, छापील टीका झाली, तेव्हा त्याने १८५३मध्ये पुस्तिका छापून उत्तर दिले. त्याच्याशी भांडणारे हे सगळे ख्रिस्तीच होते, हे विशेष. पावणेदोनशे वर्षे होत आली, पण मुख्य आरोप तेच आहेत: तुमचा ख्रिस्त तो ख्रिस्त नव्हे, आणि तुमचे संदेष्टे संदेष्टे नव्हेत.

पहिल्या आरोपात मला दम दिसत नाही. २००० साली अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्टांनी ठरवले की आपल्याकडचा बाप्तिस्मा ते मानणार नाहीत. २००१च्या जूनमध्ये व्हॅटिकननेही तेच सांगितले, खाली कार्डिनल रॅटझिंगर यांची सही. कारण असे की ३२५ सालच्या निकायाच्या परिषदेपासून बहुतेक चर्चेस पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे मानतात. आपण त्यांना वेगवेगळे मानता, वर दोघांनाही हाडामांसाचा देह आहे म्हणता. फरक खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. आपल्या घरात येणाऱ्याला कुठला संस्कार पुन्हा करायला लावायचा, हेही ज्याचे त्याने ठरवावे. पण एखादा माणूस रात्री डोळे मिटून कोणाला हाक मारतो, याचा दाखला रोमहून कसा मिळणार?

आमच्या औंढ्याच्या नागनाथाचेच बघा. बारा ज्योतिर्लिंगांतले आठवे ते हेच, असे आम्ही म्हणतो. गुजरातेत द्वारकेजवळचे नागेश्वरवाले म्हणतात, आमचे. अल्मोड्याकडच्या जागेश्वरचाही दावा आहे. श्लोकातले दारुकावन नेमके कुठले यावर पंडितांनी बराच कीस काढला आहे. म्हणून श्रावणात औंढ्याची रांग कमी झालेली नाही.

दुसरा आरोप मात्र इतक्या सहज झटकता येत नाही. टीकाकार म्हणतात, देवाचे बोलणे बायबलपाशी संपले, तेव्हा १८२०मध्ये न्यूयॉर्कच्या रानात पुढे आपला पंथ स्थापणाऱ्या जोसेफ स्मिथ नावाच्या पोराला देव दिसणे शक्यच नाही. एवढ्यावर ते थांबत असतील तर आमच्या नर्सीत त्यांचे कोणी ऐकणार नाही. कयाधूकाठच्या या गावात नामदेव जन्मले असे आम्ही मानतो, आणि त्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला हे इथे लहान मुलालाही ठाऊक असते. स्मिथला मिळाले म्हणतात त्या सोन्याच्या पत्र्यांची आणि ते पाहिल्याची ग्वाही देणाऱ्या अकरा साक्षीदारांची चेष्टाही मी करणार नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून कोरड्या वर आल्या हे मानणाऱ्याने ती कोणत्या तोंडाने करावी?

पण नामदेवांची गोष्ट नैवेद्यापाशी संपत नाही. पुढे संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेतले आणि मडकी तपासावीत तशी एकेकाची डोकी तपासली. सगळे पक्के निघाले, नामदेव तेवढे कच्चे. देव ज्यांच्याशी रोज बोलत होता तेच नापास! रुसून ते विठ्ठलाकडे गेले, तर त्यानेही गोरोबांचीच बाजू घेतली आणि गुरू करायला पाठवले, औंढ्याच्या विसोबा खेचरांकडे. ही फजिती आमच्या परंपरेने दडवली नाही, कीर्तनात रंगवून सांगितली. देव ज्याच्याशी बोलतो त्याच्याही डोक्यावर थापटणे पडते. म्हणून आपल्या संदेष्ट्यांना कोणी प्रश्न विचारला की त्याला द्वेष्टा ठरवण्याची जी घाई आपल्यातल्या काहींना होते, ती मला पटत नाही.

माझाही एक प्रश्न आहे. १८३६मध्ये एलायजा एबल या कृष्णवर्णीयाला आपल्याकडे याजकपद मिळाले होते. १८५२मध्ये तेव्हाचे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यांनी आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना ते नाकारल्याचे जाहीर केले. त्या वंशाच्या बायकांनाही मंदिरातले मुख्य विधी बंद झाले. ही बंदी उठली जून १९७८मध्ये, स्पेन्सर किंबॉल यांच्या काळात. मध्ये १२६ वर्षे गेली, आणि या सगळ्या काळात प्रत्येक अध्यक्ष देवाचा जिवंत संदेष्टा मानला जात होता.

आपल्याला बंदी उठल्याची बातमी कशी कळली हे आपणच सांगितले आहे. डोंगरातल्या घरी मुलांसोबत काम चालू होते, फोन आला, आपण मातीच्या ढिगावर बसलात आणि मुलांना सांगता सांगता रडलात. ते वाचून मला आपल्याविषयी आपुलकी वाटली. पण १९८८मध्ये आपण म्हणालात की बंदीसाठी माणसांनी दिलेल्या कारणांवर आपला विश्वास नव्हता, आज्ञेवर होता. २०१३मध्ये आपल्या चर्चने ती जुनी कारणे जाहीरपणे नाकारली. राहिली ती बिनकारणाची बंदी. ती देवाची होती की ब्रिगहॅम यंगांची, हे मात्र कोणी सांगत नाही.

औंढ्याला आलात तर नंदी देवळाच्या मागच्या बाजूला दिसेल. समोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी हाकलले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि अख्खे मंदिर त्यांच्याकडे वळले, अशी कथा आहे. कथेत देव वळतो, पुजारी नाही.

आमची पाठ मी थोपटत नाही. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर झाली, आणि त्यांच्या लोकांना आत जायला सहाशे वर्षे लागली. त्यासाठी १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. पण ती आज्ञा विठ्ठलाची होती, असे आज मी तरी म्हणणार नाही. पाप बडव्यांचे होते आणि गप्प बसलेल्या आम्हा सगळ्यांचे होते.

माफी मागण्याची वा मागवण्याची आपल्या चर्चची रीत नाही, असे आपण २०१५ साली एका वृत्तपत्राला सांगितलेत. ठीक, मी माफीची मागणी करतच नाही. आपण युटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होतात, म्हणून निकाल मागतो. चूक कबूल केली तर संदेष्टेपणच कोसळेल, अशी भीती आपल्या सल्लागारांना वाटत असेल. कच्चे ठरलेल्या नामदेवांची ६१ पदे पुढे गुरू ग्रंथसाहिबात गेली आणि आज पंजाबातून शीख भाविक नर्सीला येतात, एवढे त्यांना सांगा. ती बंदी देवाची होती का? हो की नाही, ते कळवावे.

आपला,
नर्सीच्या वाटेवरचा एक वारकरी
जि. हिंगोली