सिकलसेल : इलाज महाग, तपासणी हाताशी
विशेष प्रतिनिधी

आंबागड (जि. भंडारा) - हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत एकच अमिनो आम्ल बदलते आणि प्राणवायू कमी पडताच लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. पूर्व विदर्भाला ग्रासणाऱ्या सिकलसेलचे मूळ एवढेच! अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केलेली ‘कॅसजेव्ही’ ही जनुकोपचार पद्धती आरएनएच्या मार्गदर्शनाने जनुकात बदल घडवते. मात्र तिची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे.

खेड्यातील रुग्णाची भिस्त तपासणीवरच आहे. वाहकाला सहसा त्रास होत नाही. पण पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका २५ टक्के असतो. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत उच्चाटनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीपाठोपाठ विवाहपूर्व समुपदेशन आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या गावोगावी पोहोचल्या नाहीत, तर हे उद्दिष्ट कागदावरच राहील.