तक्रार लिहून घ्या, पोच द्या!

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही मुंबईस, फणसवाडींत, धाकट्या बंधूंकडे उतरलों होतों. बंधु सुतारकाम करतात. चाळींतील एका खोलींत पांच माणसें. त्यांचा मुलगा सातवींत आहे. सुटी संपत आली तसें पोराचें पोट दुखूं लागलें. वीस वर्षें मास्तरकी केल्यावर असलें दुखणें कोठून येतें तें आम्हांस कळतें. रात्रीं गॅलरींत जवळ घेऊन विचारलें, तेव्हां बोलला. वर्गांतील चौघे जण त्याला 'रंधा' म्हणून हांक मारतात, डबा उपडा करतात, आणि जूनपासून दोनदां जिन्याखालीं नेऊन बडवलें आहे.

बंधु गप्प बसलेले नव्हते. ते शाळेंत गेले. हेडमास्तर गोड बोलले. "पोरांचीं भांडणें आहेत, मी बघतों. लिहून कशाला देतां? उगाच पोराच्या नांवावर राहील." चौकीवर गेले. "शाळेचें शाळेंत मिटवा." एका कचेरींत गेले, तर माध्यमिक शाळांचे साहेब दुसरीकडे बसतात असें कळलें. रोजावर काम करणाऱ्या माणसाचे तीन खाडे झाले, आणि तीन दारांपैकीं एकाही दारीं कागदावर ओळ उमटली नाहीं. उद्यां कोणी विचारलें तर हा छळ झालाच नाहीं!

शेतकरी-कारागीर बंधुभगिनींनो, मेख येथेंच आहे. कायदे नाहींत असें नाहीं. 1999 सालीं महाराष्ट्रानें रॅगिंगबंदीचा कायदा केला. चिडवणें, शिवीगाळ, धमकी, मारहाण हें सगळें त्यांत येतें. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षकाची तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखानें सात दिवसांच्या आंत चौकशी केली पाहिजे, आणि चालढकल केली तर तोही गुन्ह्यास मदत करणारा ठरतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलाच्या हक्काविषयीं स्थानिक प्राधिकरणाकडे दाद मागतां येते. तिचा निकाल तीन महिन्यांत, आणि तो पटला नाहीं तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. पण दोन्ही कायद्यांत एक शब्द आहे तो आमच्या लोकांस कोणी सांगत नाहीं. तो शब्द 'लेखी'. सात दिवसांचें घड्याळ कागद हातीं पडल्यावर चालूं होतें. म्हणूनच गोड बोलून कागद टाळला जातो.

हें पोरांच्या शाळेपुरतेंच नाहीं. फणसवाडीहून फार लांब नसलेल्या नायर रुग्णालयांत डॉक्टरकीचें पुढील शिक्षण घेणारी पायल तडवी ही आदिवासी मुलगी 22 मे 2019 रोजीं प्राणास मुकली. वरिष्ठ सहकारी जातीवरून छळतात असें आम्ही आधींच सांगितलें होतें, असें घरच्यांचें म्हणणें. लेखी तक्रार आलीच नव्हती, असें रुग्णालयाचें म्हणणें. दोषी कोण तें न्यायालय ठरवील. परंतु एका आईनें सांगितलेलें आणि कचेरीच्या दप्तरांत असलेलें यांत केवढें अंतर पडतें तें पाहा.

बदलापूरचा 2024 च्या ऑगस्टमधील गुन्हा पोरांच्या दादागिरीहून निराळा आणि फार भयंकर. दोन चिमुरड्या मुलींवर शाळेंतच अत्याचार झाला. बालकांवरील लैंगिक अत्याचार कळतांच पोलिसांस कळविणें 2012 च्या कायद्यानें बंधनकारक आहे. तरी आईबापांस तक्रार नोंदविण्यासाठीं पोलिस ठाण्यांत तासन्‌तास बसावें लागलें. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. मग उच्च न्यायालयानें आपण होऊन दखल घेतली, शाळेस व पोलिसांस झापलें. लोक रुळांवर उतरले त्याच्या दुसऱ्याच दिवशीं सरकारचाही हुकूम निघाला होता: कॅमेरे लावा, तक्रारपेट्या ठेवा. पेटी चांगली. पण तिची किल्ली कोणाकडे? आणि चिठ्ठी कोणाची तें मास्तर अक्षरावरूनच ओळखतो, हें आम्ही मास्तरच सांगतों.

आतां आमचेंही माप पदरांत घेतों. काहीं वर्षांपूर्वीं आमच्या गांवच्या शाळेंत एका कुंभाराची बायको आली होती. मुलीच्या वेणींत चिखल घालतात, बाकावर बसूं देत नाहींत, अशी तिची तक्रार. आम्हीं तिला चहा दिला, पोरांना दोन छड्यांचा धाक घातला, आणि "बाई, मनावर घेऊं नका" म्हणून बोळवलें. लिहिलें कांहीं नाहीं. शाळेचें नांव खराब होईल ही भीति. ती पोर सातवींतून उठली ती पुन्हां आली नाहीं. हजेरीपटावर तिच्या नांवापुढें 'सतत गैरहजर' एवढेंच आहे. तें आमच्याच हातचें अक्षर.

कोणी म्हणेल, लिहून दिलें तर दुसऱ्याच्या पोराचें वाटोळें होईल. फणसवाडीच्या चौघांपैकीं एकाचा बाप टॅक्सी चालवतो, एकाची आई डबे करते. तींही आपलींच घरें. पण शाळेनें चौकशी केली म्हणजे पोर तुरुंगांत जातें असें नव्हे. पोलिसांकडे गोष्ट गेली तरी अशा पोरांसाठीं कायदा वेगळा आहे, आणि प्रत्येक ठाण्यांत बालकल्याण पोलिस अधिकारी नेमलेला असतो. हवालदारानें परत लावलें तर त्या अधिकाऱ्याचें नांव विचारा. रात्रीअपरात्रीं 1098 हा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहींत.

आम्हीं रजा एक दिवस वाढवून घेतली. तारीख, वेळ, जागा, कोणी काय केलें, कोणी पाहिलें, एवढेंच साध्या भाषेंत लिहिलें. खालीं बंधूंची व वहिनींची सही. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं शेजाऱ्याकडून लिहवून अंगठा उठवावा, तोही चालतो. शाळेंतील कारकून म्हणाला, "साहेब नाहींत, शिक्का नाहीं." बरें म्हणालों, आणि तोच कागद स्पीड पोस्टानें शाळेच्या नांवें धाडला, ती पावती हीच पोच. दुसरी प्रत घेऊन चर्नी रोडच्या जवाहर बालभवनांत शिक्षण उपसंचालकांच्या कचेरींत चालत गेलों, आणि तिसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. सहाव्या दिवशीं चौघांच्या आईबापांस शाळेंत बोलावणें गेलें. मारहाण थांबली आहे, असें बंधु फोनवर सांगतात. पोर शाळेंत जातें. डबा मात्र अजून नेत नाहीं.