अठरा महिन्यांची सूज

जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बुलढाणा जिल्ह्यातल्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून २३२ दात काढण्यात आले. शस्त्रक्रिया सात तास चालली. आतला गोळा दगडासारखा टणक निघाला, तेव्हा डॉक्टरांना छिन्नी-हातोडी हाती घ्यावी लागली. २३२ हा आकडा जगभर छापून आला. आम्हांला मात्र त्याच बातमीतला दुसरा आकडा अस्वस्थ करतो. तो मुलगा अठरा महिने सुजलेला जबडा घेऊन वावरत होता. गावाकडे निदान झाले नाही आणि शेवटी कर्करोगाच्या धास्तीने वडिलांनी त्याला मुंबईला आणले.

तो कर्करोग नव्हता. दात घडवणाऱ्या पेशींची वाढ भरकटली की जबड्याच्या हाडातच बारीक बारीक दात साचत जातात. या गाठीला ओडोन्टोमा म्हणतात आणि ती पूर्ण काढली की सहसा परत होत नाही. एवढी मोठी गाठ दुर्मीळच. (२०१९ मध्ये चेन्नईत सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ दात निघाले होते.)

एखाददुसरा जादा दात असणे मात्र तितके दुर्मीळ नाही. शंभरातल्या एक ते तीन जणांना कायमच्या दातांबरोबर असा दात येतो. मुलींपेक्षा मुलांमध्ये प्रमाण जवळपास दुप्पट. बहुतेकदा तो वरच्या दोन पुढच्या दातांच्या मधोमध असतो, आकाराने लहान आणि टोकदार. पुष्कळदा तो हिरडीबाहेर येतच नाही. आत राहूनच कायमच्या दाताची वाट अडवतो, त्याला तिरपा करतो, दोन दातांत फट पाडतो. दुखत नसल्याने घरात कोणाला पत्ता लागत नाही. दुधाचा दात पडून बरेच दिवस झाले तरी नवा दिसत नाही, एवढीच काय ती खूण. ‘येईल उशिरा’ म्हणून ती सोडून दिली जाते आणि उपचाराची सोपी वेळ निघून जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत मुलांची तपासणी करतात. किडलेल्या दातांबरोबर न आलेल्या दाताचीही नोंद त्यांनी घ्यायला हवी. पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढणारे ओपीजी यंत्र प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात असावे, ही मागणीही अवाजवी नाही. मुलाच्या जबड्यात काय आहे, एवढे कळायला बुलढाण्याच्या बापाला मुंबई गाठावी लागू नये.

आई-वडिलांनीही सातव्या-आठव्या वर्षी मुलाच्या तोंडात एकदा नीट पाहावे. पुढचा एक दात येऊन सहा महिने झाले आणि जोडीचा आला नाही, किंवा जबड्यावर सूज दिसली, तर वाट पाहू नका. दंतवैद्याकडे जाऊन एक्स-रे काढून घ्या.