पवनेचं पाणी आणि आपली 'कोलॅबोरेटिव्ह लीडरशिप'

आयटीतल्या ज्या ज्या मित्राला विचारतो, त्याने 'कोलॅबोरेटिव्ह लीडरशिप'चं ट्रेनिंग केलेलं असतं. आमच्या हापिसानेही करवून घेतलं. रिसॉर्टवर दोन दिवस, पिवळ्या चिठ्ठ्या, भिंतीवर चार्ट, आणि शेवटच्या सत्राचा विषय काय, तर 'आपल्या परिसराची सस्टेनेबिलिटी'. स्टेकहोल्डर्सच्या रकान्यात आम्ही काय लिहिलं? कंपनी, कर्मचारी, क्लायंट, महापालिका आणि एक एनजीओ. झालं! आता गंमत बघा, रिसॉर्ट होतं पवना धरणाच्या काठावर. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या आणि ज्यांच्यातले कित्येक जण पर्यायी जमिनीसाठी पन्नास वर्षं भांडत आले आहेत, त्यांच्यासाठी चिठ्ठी शिल्लक नव्हती.

माझा राग त्या ट्रेनरवर नाही, बिचारा त्याचं काम करत होता. माझा राग या शब्दावर आहे, कारण ज्या गोष्टीवर आपण टाळ्या वाजवून आलो, ती नसल्यामुळे याच नदीसाठी माणसं मेली आहेत.

९ ऑगस्ट २०११. मावळात, पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर बऊरजवळ शेतकऱ्यांनी रास्ता रोको केला. पोलिसांनी गोळीबार केला, तिघं गेले. विषय होता पवना धरण ते पिंपरी-चिंचवड बंद जलवाहिनी. आजही धरणातून पाणी नदीत सोडतात, ते वाहत रावेतला येतं आणि तिथून शहरासाठी उचललं जातं. हिंजवडीच्या आयटी पार्कला एमआयडीसी जे पाणी देते, तेही पवनेचंच. म्हणजे तुमच्या-आमच्या कँटीनचा चहासुद्धा!

आता इंजिनियर म्हणून बघितलं तर ती योजना वेडगळ नव्हती. बंद पाईपमधून आणलं की बाष्पीभवन कमी, प्रदूषण कमी, चोरी कमी. पण वाटेत नदीच्या दोन्ही काठांवर शेतकऱ्यांच्या मोटारी बसलेल्या. पाणी पाईपात गेलं तर नदीत काय उरणार, किती उरणार, कोण मोजणार आणि कमी पडलं तर कोणाकडे जायचं? हे प्रश्न साधे आहेत. त्यांची मावळातल्या माणसाला पटतील अशी उत्तरं कागदावर आधी आली असती, तर कदाचित तो दिवस उगवलाच नसता. योजना महापालिकेची, पैसा केंद्राच्या जेएनएनयूआरएमचा, आणि नदीकाठच्या माणसाचा सहभाग किती, तर आंदोलन करण्यापुरता. पुढे काय झालं? काम बारा वर्षं स्थगितीत पडून राहिलं. २०२३ मध्ये सरकारने स्थगिती उठवली आणि मावळात विरोध पुन्हा सुरू. 'सगळ्यांना विचारत बसलो तर कामं होत नाहीत' असं म्हणणाऱ्यांनी ही बारा वर्षं जरा हिशोबात धरावीत.

बरं, हे सगळं जमतच नाही असंही नाही. आपल्याच पेशातला एक माणूस पन्नास वर्षांपूर्वी हे करून गेलाय. विलासराव साळुंखे. इंजिनियर, पुण्यात स्वतःचा कारखाना. १९७२चा दुष्काळ बघून ते पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले आणि तिथून 'पाणी पंचायत' उभी राहिली. बंधारे बरेच जण बांधतात, खरी गोष्ट त्यांच्या नियमांची आहे. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांवर मिळणार : माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. ऊस लावायचा नाही. आणि योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा सभासदांनी स्वतः घालायचा. विचार करा, ज्याच्याकडे वीस एकर आहे त्याला हे किती बोचलं असेल! तरी लोक आले, कारण नियम सगळ्यांना सारखा होता आणि आधी ठरला होता. साळुंखे २००२ मध्ये गेले. आपल्यातल्या किती जणांना नाव माहीत आहे? मला इंजिनियरिंगच्या चार वर्षांत कोणी सांगितलं नाही. थर्मोडायनॅमिक्स मात्र दोनदा शिकवलं :-)

दुसरं उदाहरण नाशिकजवळच्या दिंडोरी तालुक्यातलं, वाघाड धरण. कालव्याच्या शेपटाला पाणी पोचतच नव्हतं. १९९०च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रामार्फत काम सुरू केलं, ते कुठून? तर शेपटाकडूनच. पाणी वापर संस्था केल्या, पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घेतलं आणि सभासदांना हिशोबाने वाटलं. पुढे २४ संस्था झाल्या आणि अख्ख्या प्रकल्पाचं पाणी शेतकरीच सांभाळू लागले. पाणी मिळण्याची खात्री आल्यावर लोक द्राक्षांकडे वळले. २००५ मध्ये राज्याने अशा संस्थांसाठी कायदाही केला.

आता आपल्या आवडत्या प्रकाराकडे येऊ. कंपनीची बस, सगळ्यांना एकाच रंगाचे टीशर्ट, एखाद्या गावात दोन तास श्रमदान, पिठलं-भाकरी, ग्रुप फोटो. श्रमदानाला मी नावं ठेवत नाही, घाम निघाला तर चांगलंच आहे. पण आपण हिवरे बाजारला जातो, पोपटराव पवारांसोबत फोटो काढतो आणि परत येऊन 'एक माणूस गाव बदलू शकतो' असं स्टेटस टाकतो. तिथे दर वर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, हे त्या स्टेटसमध्ये येत नाही. कारण ते आलं तर पुढचा प्रश्न आपल्या सोसायटीच्या बोअरचा येतो.

तर येऊ दे. एक हिशोब करून बघा. माणशी रोज १३५ लिटर हे शहरासाठीचं सरकारी प्रमाण. साठ लाख माणसं धरली तर दिवसाला ८१ कोटी लिटर, वर्षाला साधारण साडेदहा टीएमसी. पुणे महापालिकेचा खडकवासला साखळीतला मंजूर कोटा वर्षानुवर्षे साडेअकरा टीएमसी होता आणि उचल सतत त्याच्या वर. गळती ३५-४० टक्के, हे महापालिकाच सांगत आली आहे. बदल्यात साडेसहा टीएमसी पाणी शुद्ध करून शेतीला परत द्यायचं ठरलं होतं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून जे पाणी कालव्यात जातं, ते कसलं असतं हे हवेली-दौंडच्या शेतकऱ्याला विचारा. किंवा नुसता वास घ्या.

'पण ते लोक ऊस लावतात!' हे वाक्य मला कमेंटमध्ये येणारच आहे, म्हणून आधीच उत्तर देतो. हो, लावतात. दौंड-इंदापूरच्या उसावर बोललंच पाहिजे. पण बोलायचं कुठे? या पाण्याचा निर्णय कालवा सल्लागार समितीत होतो. पालकमंत्री अध्यक्ष, आमदार-खासदार, अधिकारी. आवर्तनं तिथे ठरतात. त्या टेबलावर इंदापूरच्या शेपटाच्या पाणी वापर संस्थेने आपलं मीटर घेऊन यावं आणि शहराने आपलं. दोन्ही आकडे एकाच पानावर, पावसाळा संपला की ऑक्टोबरात, सगळ्यांना वाचता येतील असे. साळुंख्यांचा उसाचा नियम त्यानंतर आपल्याला उच्चारता येईल. आणि तोवर? शहर म्हणणार शेतकरी उधळे, शेतकरी म्हणणार शहर चोर, आणि दोघांकडेही आकडे नाहीत. डेटाबेसवर जगणाऱ्या लोकांना हे चालतं कसं, हेच मला कळत नाही.

आमच्या सोसायटीत २१२ फ्लॅट आहेत आणि पाण्याचं मीटर एक. प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवायचा ठराव मी दोन वर्षं मांडतोय. गेल्या वार्षिक सभेत बाजूने ३१ हात वर झाले. विरोध करणाऱ्या एका काकांनी विचारलं, "अहो, टँकरचे पैसे आपण देतोच ना, मग मोजायचं कशाला?" टँकरवाला कुठल्या गावच्या विहिरीतून भरून आणतो, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी सेक्रेटरीकडे बघितलं, सेक्रेटरींनी पुढचा विषय घेतला : क्लब हाऊसचा रंग. ठराव या वर्षी परत मांडणार आहे. ३१ चे ५० झाले तर इथे लिहीन.