चक्कर हा मनाचा खेळ नव्हे



लकव्यातून हातपाय सुटले की रुग्ण बरा आणि नंतरची चक्कर, घाम ही निव्वळ भीती, हे आपल्या अंकातल्या लेखातले मत चुकीचे आहे. लकवा आणणारा मेंदूतला झटका रक्तदाब, हृदयाची गती, घाम, लघवी सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्थाही बिघडवू शकतो. उभे राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर तो मोजता येणारा दोष आहे. ‘मन खंबीर करा’ म्हणणाऱ्यांमुळे माणसे पडतात, खुबा मोडतो. आमच्याकडे नृसिंह मंदिराच्या दर्शनरांगेत कुणी कोसळला की तोंडात साखरपाणी ओततात. लकव्याच्या रुग्णाला त्या पाण्याने ठसका लागून जीवावर बेतू शकते. आधी आडवे करा. चालू असलेल्या गोळ्या परस्पर बंद करू नका. रक्तदाब झोपून आणि उभे राहून, दोन्ही वेळा मोजायला डॉक्टरांना सांगा.

– एक वाचक, पोखर्णी (जि. परभणी)